न दिसणाऱ्या किरणांचे राखणदार

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



‘दहावीनंतर काय?’ या प्रश्नाला आपल्या घरांत दोन-तीनच ठरावीक उत्तरे मिळतात. आज मी एक निराळी वाट सुचवणार आहे. ती आहे किरणोत्सर्ग-सुरक्षेची.

कर्करोग रुग्णालये, अणुवीज केंद्रे, वेल्डिंगचे सांधे तपासणारे कारखाने अशा ठिकाणी किरणोत्सर्गाचे मोजमाप ठेवणारा माणूस लागतो. हे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नसतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतील भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले एक जुने संशोधन-उपकरण पोहोचले. ते सुटे करणाऱ्यांना हाती काय आले आहे, याची कल्पना नव्हती. एकाचा जीव गेला, काही जण गंभीर आजारी पडले. ते उपकरण विकण्यापूर्वी जाणत्या माणसाने तपासले असते, तर हा अनर्थ टळला असता.

‘हे काम धोक्याचे नाही का?’ ही पालकांची शंका रास्त आहे. कमी वेळ, जास्त अंतर आणि मध्ये योग्य आडोसा, ही या कामाची त्रिसूत्री. लहान उगमापासून अंतर दुप्पट केले, की तीव्रता एक चतुर्थांश होते. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात भेटणारा व्यस्त वर्गाचा नियम तो हाच, आणि तो आपली मुले मराठीतूनच शिकतात. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या वर जाता कामा नये.

पदार्थविज्ञानाच्या पदवीधरांना भाभा अणुसंशोधन केंद्रात विद्यावेतनावर प्रशिक्षणाची संधी असते. पदव्युत्तर शिक्षणानंतर तेथेच रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका घेता येते.

परंतु पदवीहून मोठी पात्रता प्रामाणिक नोंदीची. छातीवर लावायचा मापक-बिल्ला खणात ठेवून काम केले, तर बिल्ल्यावर नोंद होत नाही. शरीरावर मात्र होते. वरिष्ठांनी घाई केली तरी ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्यही येथे लागते. प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर न लिहिता आलेले वाचन जसेच्या तसे लिहिणे, ही त्याची पहिली तालीम. ती आपल्या प्रयोगशाळेतच होते.

या क्षेत्रात असलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे: वर्षातून एक दिवस शाळेत या आणि नववी-दहावीच्या मुलामुलींशी बोला. तुम्हाला पाहिले, की ही वाट त्यांना आपली वाटेल.