डोक्याला लागलंय का, हेही विचारूया
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



'दर वेळी वेगळंच सांगते, तारखा विसरते, मध्येच चिडते.' चौकीत आणि कोर्टात अशा बाईला खोटारडी ठरवून लोक मोकळे होतात. तिच्या डोक्याला किती वेळा मार बसलाय, हे कुणी विचारत नाही.

ठोसे खाऊन बॉक्सरच्या मेंदूला इजा होते, हे डॉक्टर १९२८ पासून लिहीत आले. नवऱ्याचा मार खाल्लेल्या एका बाईच्या मेंदूची तशीच हकीकत 'लॅन्सेट'मध्ये यायला १९९० साल उजाडलं! अमेरिकेत ईव्ह व्हॅलेरा यांनी मारहाण सोसलेल्या ९९ बायकांची माहिती घेतली आणि २००३ मध्ये मांडली. सुमारे तीनचतुर्थांश जणींच्या मेंदूला जोडीदाराच्या हातून एकदा तरी इजा झाली होती, निम्म्या जणींच्या अनेकदा. बॉक्सरला निदान विश्रांती मिळते. बाईला दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरायचं असतं.

'मारहाण झाली का?' म्हटलं की ती अंगावरचे वळ दाखवते. डोक्याचं सांगत नाही, कारण रक्त आलेलं नसतं. म्हणून नेमकं विचारा. डोकं भिंतीवर आपटलं का? केस धरून गदागदा हलवलं? गळा दाबला? डोळ्यांपुढे अंधारी आली, मधलं काही आठवतच नाही, असं झालं? गळा आवळला की मेंदूचं रक्त आणि प्राणवायू तुटतो, आणि मानेवर खूण उमटतेच असं नाही. स्कॅन साफ आला म्हणजे इजा नाही, असंही समजू नका. निदान डॉक्टरांनी करायचं, विचारायचं आपण.

ओकाऱ्या, वाढती डोकेदुखी, झापड, झटके, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यातलं काही दिसलं तर अर्ज बाजूला ठेवून आधी दवाखाना. केसपेपरवर 'पडली' नको, 'नवऱ्याने डोकं आपटलं' असं लिहवून घ्या. बाई चौकीआधी दवाखान्यात पोचते, हे ओळखूनच वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' सुरू झालं.

एरवी बैठक छोटी ठेवा, गोंगाट नको, एका वेळी एकच गोष्ट. तारीख चिठ्ठीवर लिहून द्या, पण चिठ्ठी घरात सुरक्षित राहील का ते तिलाच विचारा.

एक धोका आहे. 'मेंदूला इजा' हे शब्द कागदावर आले की समोरचा वकील म्हणतो, बाई वेडी आहे, मुलं देऊ नका. तेव्हा तिच्या संमतीशिवाय आपली नोंद बाहेर जाता कामा नये. तिला मात्र स्पष्ट सांगायचं. 'ताई, मला वेड तर लागलं नाही ना?' हे मी कितीजणींकडून ऐकलंय! 'नाही गं, डोक्याला मार लागलाय' एवढं कळलं तरी ती जरा सावरून बसते.

आता दोघीदोघींच्या जोड्या करा. हे प्रश्न एकमेकींना विचारून बघूया.