रुग्णवाहिका येईपर्यंत
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या विषयावर डॉक्टरांनी बोलावे, शिक्षकाने नव्हे, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु हृदय बंद पडले असता बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची जी रीत इ. स. १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथून प्रसिद्ध झाली, तिच्या तिघा प्रवर्तकांपैकी कौवेनहोवेन हे विद्युत्-अभियंते होते. डॉक्टर मंडळी तिला 'सीपीआर' म्हणतात. तिला औषध लागत नाही, उपकरण लागत नाही. दोन हात पुरतात.

हे हात कोणाचे, हाच आमचा प्रश्न आहे. आटपाडी-खानापूर भागातील कर्ते पुरुष गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरले आहेत. घरी उरतात वृद्ध माणसे, सुना आणि शाळकरी नातवंडे. रक्त न मिळाल्यास मेंदूस चार-पाच मिनिटांतच इजा पोहोचू लागते. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण वस्तीवर ती इतक्या लवकर कशी पोहोचावी?

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम ही झटक्याची लक्षणे होत. माणूस शुद्धीवर असतो. त्यास पित्त समजून सोडा पाजीत बसू नये. चालवू नये, बसवून ठेवावे व तात्काळ १०८ ला कळवावे. परंतु माणूस कोसळला, हाकेस ओ देत नाही आणि श्वास थांबला आहे किंवा नुसते आचके येत आहेत, तर हृदय बंद पडले असे समजावे. आचके म्हणजे श्वास नव्हे. अशा वेळी नाकाशी कांदा धरणे, तोंडात पाणी घालणे, तळपाय चोळणे यांत वेळ दवडू नये.

एकाने १०८ ला फोन करावा. एकटे असल्यास फोन बोलता ठेवून शेजारी ठेवावा. रुग्णास बाजेवरून उतरवून कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मध्यभागी एका तळहाताची टाच, तीवर दुसरा हात ठेवून, कोपरे ताठ राखून, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. मिनिटास १०० ते १२० वेळा दाब द्यावा व प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यास दुसऱ्याने दोन मिनिटांनी जागा घ्यावी. न शिकलेल्याने तोंडाने श्वास देण्याची चिंता करू नये. बरगडी मोडेल म्हणून थांबू नये. बरगडी सांधते, गेलेला प्राण परत येत नाही.

आता मर्यादेविषयी. सुनेने सासऱ्यांच्या छातीस हात कसा लावावा, परपुरुषाने स्त्रीस स्पर्श कसा करावा, हा संकोच आपल्या घरांत आहे. वडीलधाऱ्यांचा मान आम्हांसही प्रिय आहे. परंतु ज्या मर्यादेपायी वडीलधारेच हातचे जातात, ती मर्यादा कोणाच्या कामाची? म्हणून घरातील ज्येष्ठांनीच आज सुनांना व नातवंडांना सांगून ठेवावे, की तशी वेळ आल्यास आम्हांस हात लावण्यास कचरू नका.

वाचून हात तयार होत नाहीत. यास्तव मंडळाने पुढील संमेलनात डॉक्टरांकरवी पुतळ्यावर प्रत्यक्ष शिक्षण द्यावे आणि पहिल्या रांगेत सुनांना बसवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.