दगडावर कोरलेलें नांव

पावसाळा सरून आकाश निवळलें म्हणजे पनवेलच्या एखाद्या उंच गच्चीवरून दक्षिणेकडे पाहावें. डोंगराच्या माथ्यावर आकाशाकडे रोखलेला एक काळा अंगठा दिसतो. तो कर्नाळ्याचा सुळका. लहानपणापासून मी तो पाहत आलों आहें. आणि बहुतेक पनवेलकरांप्रमाणें मीहि पुष्कळ वर्षें असें समजत होतों कीं, प्रवास म्हणजे दूर जाणें. काशी, रामेश्वर, वेरूळ हीं पाहण्याचीं स्थळें; घरच्या डोंगरांत काय पाहावयाचें? आज मला बोलावयाचें आहे तें या घरच्या डोंगराविषयीं, आणि तेथें माझ्या हातून घडलेल्या एका अपराधाविषयीं.

पनवेलहून गोव्याच्या सडकेनें निघालें कीं वाटेंत शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ सालीं या गांवीं झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ सालीं गड इंग्रजांच्या हातीं गेला. त्याच घरांतील नातवानें १८७९ सालीं इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड उभारलें आणि १८८३ सालीं एडन येथें बंदिवासांत देह ठेवला. एवढें मनांत ठेवून जो प्रवासी गड चढूं लागेल, त्याला प्रत्येक पायरी कांहीं तरी सांगेल.

पायथ्याशीं जें रान लागतें, तें १९६८ सालीं पक्ष्यांसाठीं राखून ठेवलेलें अभयारण्य होय. महाराष्ट्रांतील असें हें पहिलेंच. क्षेत्र सुमारें १२ चौरस किलोमीटर. परंतु दीडशेहून अधिक जातींचे पक्षी तेथें आढळतात. लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक, दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल करणारा भीमराज, आणि पावसाळ्यांत माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर यांची गांठ पडावी, अशी ज्याची इच्छा असेल त्यानें एकच करावें: वाटेच्या कडेस अर्धा तास मुकाट्यानें बसावें. घाईनें जाणाऱ्यास रान कांहींच दाखवीत नाहीं.

वर कर्णाई देवीचें देऊळ, तटबंदीचे अवशेष, आणि सुळक्याच्या पोटांत खोदलेलीं कोठारें व पाण्याचीं टांकीं आहेत. सुळक्यावर मधमाश्यांचीं मोठीं पोळीं असतात, म्हणून तेथें आरडाओरडा करूं नये. घाटाखालीं उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा हा गड शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तो मोंगलांस द्यावा लागला, आणि १६७० सालीं पुनः स्वराज्यांत आला. येथून प्रबळगड आणि माणिकगड समोर दिसूं लागले म्हणजे हे गड एकमेकांशीं कसे बोलत असतील, तें पुस्तकाशिवाय समजतें.

अलीकडे आपल्याकडे जागतिक वारशाची चर्चा फार होते, आणि ती व्हावीच. आमच्या रायगड जिल्ह्यांतील घारापुरीचीं लेणीं १९८७ सालीं त्या यादींत आलीं. २०१२ सालीं सह्याद्रींतील कांहीं निवडक वनांना तो मान मिळाला. २०२५ सालीं रायगड, खांदेरी इत्यादि बारा किल्ल्यांना मिळाला. कर्नाळा यांपैकीं कोणत्याच यादींत नाहीं. म्हणून त्याची योग्यता कमी झाली काय? यादी करणारे सर्व कांहीं टिपूं शकत नाहींत. जें त्यांच्या वहींत उतरलें नाहीं, त्याची राखण येणाऱ्याजाणाऱ्याच्या शहाणपणावरच अवलंबून असते.

आतां माझी गोष्ट. १९७२ सालच्या हिंवाळ्यांत, चौदा वर्षांचा असतांना, मी मोठ्या मुलांच्या संगतीनें प्रथम कर्नाळ्यावर गेलों. टांक्याजवळच्या कातळावर अनेकांचीं नांवें होतीं. मींहि एक लोखंडी खिळा आणि दगड घेऊन माझें नांव, आडनांव आणि साल ठोकून काढलें. त्या दिवशीं मला केवढा अभिमान वाटला! पुढें वाचनांत आलें कीं, जगाच्या वारशाचें रक्षण करण्याचा करार युनेस्कोनें पॅरिस येथें केला तो त्याच वर्षीं, नोव्हेंबरच्या १६ तारखेस.

१९९१ सालीं मी सातवीच्या मुलांस घेऊन गडावर गेलों. पायथ्याशीं मीं त्यांस चांगलें पाऊण तास व्याख्यान दिलें: फुलें तोडूं नका, दगडांवर कांहीं लिहूं नका, हा आपल्या पूर्वजांचा ठेवा आहे. वर गेल्यावर एक मुलगी कातळापाशीं थबकली व म्हणाली, "गुरुजी, हें तुमचेंच नांव आहे ना?"

श्रोतेहो, "दुसऱ्या कोणाचें तरी असेल," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण साल स्पष्ट होतें, आणि चाळीस डोळे माझ्याकडे लागले होते. मी म्हणालों, "होय बाळ, माझेंच." थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग एका मुलानें विचारलें, "पुसून टाकूं या का, गुरुजी?" तें पुसावयाचें म्हणजे कातळच आणखी खरवडावयाचा! तें मला सांगावें लागलें. त्या दिवशीं पोरें जें शिकलीं, तें माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानानें शिकलीं नव्हतीं.

घारापुरीस मूर्तींचे तुटलेले हात पाहून आपण हळहळतों. ती मोडतोड पोर्तुगीज शिपायांनीं केली, असें म्हणतात. आणि त्यांस दोष देऊन आपण मोकळे होतों. माझा खिळा त्यांच्या हत्याराहून लहान होता, इतकेंच. त्या शिपायांस तीं दैवतें परकीं तरी होतीं. मला तर हा गड माझा वाटत होता, आणि "माझा" वाटला म्हणूनच मीं त्यावर नांव घातलें. आपलेपणाचा हा अर्थ चुकीचा आहे, हें कळावयास मला एकोणीस वर्षें लागलीं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत ज्या ज्या वर्षीं मुलांस घेऊन गेलों, त्या त्या वर्षीं प्रथम त्या कातळापाशीं नेलें, माझें नांव दाखविलें, आणि मगच गड दाखविला. लाज वाटे, अजूनहि वाटते. परंतु माझ्यापाशीं त्याहून चांगला धडा नव्हता.

तेव्हां आपण दूरदेशीं अवश्य जा. पण एका रविवारीं आपल्या गांवाजवळच्या गडावर, लेण्यांत किंवा रानांतहि जा. परत येतांना तेथें आपलें कांहीं राहिलें नाहीं ना, हें एकदां मागें वळून पाहा.