बोक्याची लघवी अडली तर
बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवीचा थेंबही येत नाही. पुष्कळांना हे बद्धकोष्ठ वाटतं. कुणी एरंडेलही पाजतं. कृपा करून तसं करू नका. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकला की मूत्राशय तट्ट फुगतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची लय बिघडते. 24 ते 48 तासांत जीव जाऊ शकतो. उलट्या, मलूलपणा दिसेपर्यंत तर बराच उशीर झालेला असतो. रात्र असली तरी पशुवैद्यांना फोन करा आणि लगेच निघा. पोट दाबून पाहू नका, मूत्राशय फुटू शकतं. आणि वेदना बघवत नाहीत म्हणून पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. मांजराला ते विषच आहे.