नवगावचा खडा आणि वोर्म्सचे फाटक

(कुटुंबमेळ्यात दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



येत्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत आपल्यापैकी तीन कुटुंबे जर्मनीतील ऱ्हाईनकाठच्या जुन्या शहरांना भेट देणार आहेत. सहलीची आखणी कशी करावी याविषयी मी दोन शब्द सांगावेत, अशी त्यांची इच्छा आहे. मी प्रवासाचा जाणकार नव्हे. माझी पात्रता एवढीच की हीच सहल मी एकदा केली आणि ती बिघडवली. तेव्हा माझ्या चुकीपासूनच आरंभ करतो.

ऱ्हाईनच्या खोऱ्यात श्पायर, वोर्म्स आणि माइन्झ ही तीन शहरे आहेत. त्यांच्या जुन्या हिब्रू नावांची आद्याक्षरे शिन, वाव आणि मेम. ती जोडली की ‘शूम’ हा शब्द होतो, आणि हिब्रूत शूम म्हणजे लसूण. मध्ययुगात ही तीन शहरे तोराच्या अभ्यासाची मोठी पीठे होती. 2021 मध्ये युनेस्कोने तेथील ज्यू वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला तेथे घेऊन गेलो. हिवाळ्याचे दिवस होते. आम्ही शुक्रवारी दुपारी फ्रँकफुर्टला उतरलो. तिकडे त्या दिवसांत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शाबाथचे दिवे त्याआधीच लावायचे. सामान खोलीत ठेवेपर्यंत शाबाथ आला. शनिवार हॉटेलातच गेला, ते योग्यच झाले. मग उरलेल्या एका रविवारी तिन्ही शहरे उरकण्याचा बेत मी केला. सकाळी माइन्झ, दुपारी श्पायर आणि परतताना वोर्म्स. वोर्म्सच्या जुन्या कबरस्तानाशी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि फाटक बंद झाले होते.

आईने नवगावच्या किनाऱ्यावरचा एक खडा रुमालात बांधून आणला होता. आपले पूर्वज जेथे लाटांनी किनाऱ्याला लावले, जेथे बुडालेल्यांना मातीत ठेवले, तेथला तो खडा. तो तिला वोर्म्सच्या एका कबरीवर ठेवायचा होता. ती फाटकाच्या गजांतून थोडा वेळ आत पाहत राहिली. मग खडा पुन्हा रुमालात बांधून म्हणाली, “चल बाबा, पुढल्या खेपेला.” पुढली खेप आली नाही. आई गेली. खडा माझ्या कपाटात राहिला.

ती कबर कोणाची, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. रोथेनबुर्गचे रब्बी मेईर हे तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित. 1286 मध्ये ते जर्मनी सोडून निघाले असता त्यांना पकडण्यात आले आणि राजा रुडॉल्फने त्यांना कैदेत ठेवले. ज्यू समाज मोठा दंड भरून त्यांना सोडवण्यास तयार होता. परंपरा सांगते की रब्बींनीच त्याला नकार दिला. आज एका रब्बीसाठी पैसा दिला, तर उद्या प्रत्येक राजा रब्बींना धरील, असे त्यांचे म्हणणे होते. 1293 मध्ये ते कैदेतच वारले. त्यानंतरही त्यांचा देह चौदा वर्षे परत मिळाला नाही. अखेर 1307 मध्ये अलेक्झांडर बेन सॉलोमन नावाच्या एका व्यापाऱ्याने द्रव्य देऊन तो सोडवला. मोबदल्यात त्याने एकच मागणे मागितले, आपल्यालाही त्यांच्या शेजारी जागा मिळावी. आज ते दोन दगड शेजारी शेजारी उभे आहेत.

कोणी विचारील, आपण बेने इस्राएल, कोकणातले. आपला आणि ऱ्हाईनचा संबंध काय? आईला मी हाच प्रश्न विचारला होता. तिने मला सामाजी हसाजी दिवेकरांची आठवण दिली. कंपनी सरकारच्या फौजेतील हे आपले अधिकारी म्हैसूरच्या युद्धात कैद झाले आणि सुटून आले. त्या सुटकेबद्दल देवाचे उपकार मानून त्यांनी 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधले, तेच आपले शाआर हारहामीम. “कैद्याला सोडवणे ही केवढी मिझ्वा आहे, हे आपल्या घराण्यांना कोणी शिकवायला नको,” असे ती म्हणाली. त्या व्यापाऱ्याला तिला मराठी मातीचा सलाम करायचा होता.

आता आखणीकडे वळतो.

पहिली गोष्ट, वार. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली, तर शुक्रवारी निघण्याचा मोह टाळावा. शाबाथ येथेच आपल्या घरी पाळावा, हबदाला म्हणावी आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानाने निघावे. सुमारे सात तासांचा प्रवास आहे आणि तिकडचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा तीन तास मागे असते. त्यामुळे रविवारी सकाळीच आपण फ्रँकफुर्टला असाल. शाबाथच्या दिवशी वोर्म्सचे कबरस्तान बंदच असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, मुक्काम. तो वोर्म्समध्येच करावा. विमानतळावरून माइन्झमार्गे आगगाडीने तेथे जाता येते. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात आणि सोमवारी बरीच संग्रहालये. म्हणून रविवारी सिनेगॉग आणि त्याशेजारचे राशी-भवनातील संग्रहालय पाहावे. हिवाळ्यातील वेळा आणि मिक्वेचे दर्शन यांविषयी निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी.

तेथे मुलांना दोन गोष्टी अवश्य दाखवा. पहिली म्हणजे 1034 सालचा शिलालेख. त्यात दान देणाऱ्या याकोब बेन दावीद यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी राहेल यांचेही नाव कोरलेले आहे. दुसरी म्हणजे राशींच्या नावाने ओळखली जाणारी खोली. राशींनी तरुणपणी माइन्झ आणि वोर्म्स येथे शिक्षण घेतले, हे खरे. परंतु ती खोली त्यांच्या काळानंतर कित्येक शतकांनी, 1624 मध्ये बांधलेली आहे. मुलांना हे खरे सांगावे. राशींचे भाष्य आपण वाचतो, तेवढा संबंध पुरेसा आहे.

सोमवारची सकाळ कबरस्तानासाठी राखून ठेवा. ‘पवित्र वाळू’ असे त्याचे नाव आहे. अकराव्या शतकापासूनचे, दोन हजारांहून अधिक दगड तेथे उतारावर उभे आहेत आणि मागे कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. पुरुषांनी डोके झाकून जावे. कोहेन असतील त्यांनी बाहेर थांबावे. दहा पुरुष जमणार नसतील तर कद्दीश होणार नाही, पण तेहिल्लीम वाचता येतील. दुपारी नदीकाठी जावे. मुलांना ऱ्हाईन आवडेल, त्यांनाही सुट्टी आहेच. मंगळवारी परतीच्या वाटेवर माइन्झ येथे सेंट स्टीफन चर्चमधील मार्क शागाल या ज्यू चित्रकाराच्या निळ्या काचा पाहून विमानतळ गाठावा. श्पायर सोडून द्यावे. तेथले बाराव्या शतकातील मिक्वे फार सुंदर आहे, तरीही सोडून द्यावे.

तिसरी गोष्ट, कागदपत्रे. भारतीय पारपत्र असलेल्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. येथील रहिवासाची मुदतही तपासून पाहा.

चौथी गोष्ट, शिदोरी. वोर्म्समध्ये कोशेर जेवण मिळेल असे गृहीत धरू नये. मात्र युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणून पेढे, बर्फी येथेच ठेवा. तेलातला पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, कोरड्या पोळ्या आणि तिळगुळाचे लाडू न्या.

आता एक कठीण प्रश्न. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले, जर्मनीत पाय तरी का ठेवायचा? त्यांच्या भावनेपुढे मी नम्र आहे. वोर्म्सचे सिनेगॉग नोव्हेंबर 1938 मध्ये जाळण्यात आले. पुढे ते मूळ पायावर, सापडतील ते जुने दगड वापरून उभारले गेले आणि 3 डिसेंबर 1961 रोजी पुन्हा उघडले. तोवर त्या शहरात त्यात प्रार्थना करणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. ज्यांना जाववत नाही, त्यांना आग्रह करू नये. पण ज्या कबरींची विचारपूस करायला त्या शहरात वंशज राहिले नाहीत, त्यांच्याकडे कोकणातले कोणी गेले, तर ते मला गैर वाटत नाही. कबरीला भेट देताना वंश विचारायचा नसतो, हे आम्हाला नवगावने शिकवले. तेथे पुरलेल्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, आणि तरी आपण जातोच.

माझे गुडघे आता थंडीतला प्रवास सोसणार नाहीत. म्हणून रुमालातला तो खडा मी आज बरोबर आणला आहे. जाणाऱ्या मंडळींतील सर्वांत लहान मुलाच्या हाती तो देतो. बाळ, दोन दगड शेजारी शेजारी दिसतील. हा खडा व्यापाऱ्याच्या दगडावर ठेव. रब्बींच्या दगडावर ठेवणारे पुष्कळ आहेत.

आणि सोमवारी सकाळी लवकर जा. फाटक उघडे असेल.

शालोम.