पोरीच्या खेळापायी

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

सकाळी जामच्या चौकात एसटीतून उतरले. एक रस्ता नागपूरला, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, एक चंद्रपूरला. याच चौकात तुमच्यातल्या कितीजणींनी संध्याकाळच्या बसची वाट पाहिली असेल! मीही अशाच बसने शिकले. विदर्भातल्याच एका कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे. तिथे मैदान आधी मुलांना मिळायचं, आमची पाळी येईतो बसची वेळ व्हायची. शेवटी आमच्या मॅडमनी भांडून वेळा बदलून घेतल्या. त्यांनी शिकवलेले डाव आज मला आठवत नाहीत, ते भांडण आठवतं.

म्हणून आज प्रशिक्षकाच्या कामाबद्दलच बोलते. त्यासाठी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीची, पॅट समिटची गोष्ट सांगते. जन्म १९५२चा. घरी गोठा आणि तंबाखूचं शेत. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या मुलींना त्या कष्टांची ओळख वेगळी करून द्यायला नको. तिच्या भागातल्या हायस्कूलमध्ये मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता. तेव्हा तिच्या वडिलांनी, जिथे संघ होता त्या शाळेच्या हद्दीत बिऱ्हाड हलवलं. पोरीच्या खेळापायी! समोर बसलेल्या बापांनो, हे वाक्य मी तुमच्यासाठी सांगतेय. पुढे कॉलेजात तिच्या भावांना खेळाची शिष्यवृत्ती मिळाली, तिला नाही; मुलींना ती देतच नव्हते. तिची फी आईवडिलांनी भरली.

१९७४ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची जबाबदारी तिच्यावर आली. काही खेळाडू तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, सामन्याचे कपडे तीच धुवायची. पहिला सामना ८३-८४ असा एका गुणाने हरली.

त्यानंतर ३८ हंगाम ती त्याच विद्यापीठात राहिली. १०९८ विजय, ८ राष्ट्रीय अजिंक्यपदं. खेळाडू म्हणून १९७६च्या ऑलिम्पिकचं रौप्य तिच्याकडे होतंच. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संघाला तिने सुवर्ण मिळवून दिलं. पण आजच्या दिवशी मला तिचा वेगळाच हिशेब मोठा वाटतो. तिच्याकडे खेळण्याची सगळी वर्षं पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. प्रत्येक! तास बुडवायचा नाही आणि वर्गात पुढच्या तीन रांगांतच बसायचं, असा तिचा दंडक होता. चेंडू हातात देणारी बाई वहीही तपासत होती.

२०११ मध्ये तिला अल्झायमरचं निदान झालं. ते तिने लपवलं नाही, जाहीर केलं, आणि आणखी एक हंगाम संघासोबत बाकावर बसली. २०१६ मध्ये ६४व्या वर्षी ती गेली.

तुमच्यातले काहीजण जिल्हा परिषदेच्या शाळेत लागतील, काही बँकेत, काही शेतीच करतील. क्रीडाशिक्षक मोजकेच होतील. पण एखादी मुलगी मैदानापर्यंत पोहोचावी म्हणून वेळ बदलावी लागते, गाडी काढावी लागते, घरी जाऊन तिच्या आजीशी बोलावं लागतं. हे सगळं कोणीतरी करतं तेव्हा कुठे ती पहिल्यांदा रिंगकडे चेंडू टाकते. ती रिंग मुलांसाठी १० फुटांवर असते, मुलींसाठीही १० फुटांवरच.

प्राचार्यसाहेब, येताना मैदान पाहिलं. रिंगा छान आहेत. सूचनाफलकावर सरावाच्या वेळाही वाचल्या: मुलं चार वाजता, मुली साडेपाचला. साडेपाचनंतर बाहेरगावच्या मुली घरी कशा जाणार? पाहुणी म्हणून आले आहे, तरी मागते. उद्यापासून मुलींना चारची वेळ द्या.