लेझीमचा ठेका आणि मोबाइलमधील घड्याळ



नवी मुंबईत नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची परंपरा १८२६ साली स्थापन झालेल्या कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत मागे जाते. ग्रहताऱ्यांचे वेध घेणे व मुंबई बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविणे, ही त्या वेधशाळेची आरंभीची कामे होती. घड्याळात चार सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर जहाजाच्या स्थानात सुमारे एक सागरी मैलाचा फरक पडे. यास्तव जहाजे आपली घड्याळे एका विश्वसनीय घड्याळाशी जुळवून घेत.

शाळेतील मोबाइलवर लेझीमचा, कवायतीचा किंवा पाढ्यांचा ठेका वाजविणाऱ्या ॲपलाही हाच नियम लागू आहे. मोबाइलमध्ये वेळ मोजण्याची दोन साधने असतात. पहिले म्हणजे प्रोसेसरचा गजर. तो एकाच वेळी अनेक कामे करीत असल्याने गजर किंचित उशिरा वाजतो. समजा, प्रत्येक ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे पडला आणि पुढील ठोका त्या चुकलेल्या क्षणापासूनच मोजला, तर ३०० ठोक्यांत ३ सेकंदांची चूक साचते.

दुसरे साधन म्हणजे ध्वनियंत्रणेची स्वतःची मोजणी. पुष्कळ मोबाइलमध्ये ध्वनीचे सेकंदाला ४८,००० सूक्ष्म अंश क्रमाने वाजविले जातात. मिनिटाला ८० ठोके हवे असल्यास दर ठोक्यास ३६,००० अंश येतात. पहिला ठोका शून्यावर, दुसरा ३६,००० वर, तिसरा ७२,००० वर, असे स्थान आरंभापासून मोजून ध्वनी आगाऊ रचून ठेवला, म्हणजे प्रोसेसरला थोडा उशीर झाला तरी ठेका ढळत नाही. उत्तम ॲप याच रीतीने रचलेले असते.

चुकीचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. साचत जाणारी चूक हा ॲपचा दोष होय. एकसारखा राहणारा उशीर हा बहुधा बिनतारी स्पीकरमुळे होतो. केवळ ऐकून नाचावयाचे असल्यास त्याने बिघडत नाही; परंतु ॲप मुलांच्या टाळ्यांना गुण देत असेल, तर तो उशीर वजा केलाच पाहिजे. मैदानावर आणखी एक कारण संभवते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून ३४ मीटर अंतरावरील रांगेस ठेका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. यासाठी स्पीकर रांगांच्या मध्यभागी ठेवावा.

तपासणी सोपी आहे. ॲपमध्ये मिनिटाला ६० ठोके लावावेत, सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवावे आणि पहिला ठोका शून्य धरून ३०० पर्यंत मोजावे. बरोबर पाच मिनिटे झाली पाहिजेत. मोजण्याचे काम चौथीच्या मुलांकडेच द्यावे. गणिताचा तो एक चांगला पाठ होईल.

या तपासणीचे महत्त्व यंत्रापेक्षा मुलासाठी अधिक आहे. मागच्या रांगेतील मुलाचे पाऊल चुकले की त्याला बाजूस बसविले जाते आणि ‘आपल्याला ताल कळत नाही’ अशी त्याची समजूत होते. ती समजूत पुढे वर्षानुवर्षे टिकते. पुष्कळदा तो मुलगा आपल्या कानावर आलेल्या ठेक्याशी इमानेच चालत असतो. म्हणून स्नेहसंमेलनाची तयारी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक शाळेने आधी यंत्राची परीक्षा घ्यावी आणि मगच मुलांची.